नंबर निवडायचा की लिहायचा?

आपल्याकडे आता वेबसाइट न बनवलेला मुलगा शोधावा लागेल. कॉम्प्युटर-आयटीवाल्यांचं सोडा, सिव्हिल-मेकॅनिकलची पोरंसुद्धा रात्री जागून फॉर्म तयार करतात. गॅदरिंगचं रजिस्ट्रेशन, मेसची सुट्टी, टेक फेस्टची एंट्री, होस्टेलची रूम, सगळ्याला फॉर्म. आणि फॉर्म म्हटला की त्यात कुठेतरी आकडा आलाच. रोल नंबर, रूम नंबर, जन्मवर्ष, टक्के, रक्कम. आता गंमत बघा, आकडा आला की दहापैकी आठ जणांचा हात आपोआप ड्रॉपडाउनकडे जातो. १ पासून १२० पर्यंत एक लूप फिरवला, यादी तयार, काम फत्ते! का रे बाबा असं? उत्तर ठरलेलं: 'युजर चुकीचं काही टाकूच शकत नाही ना.'

मला हे उत्तर पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. आकडे थोडे असतील तर यादी द्या. आकडे शेकड्यांनी असतील तर माणसाला ते लिहू द्या, आणि त्याने काय लिहिलं ते त्याला समजेल अशा भाषेत लगेच परत दाखवा. लांबलचक यादी ही प्रोग्रामरची सोय आहे, तिची किंमत फॉर्म भरणारा मोजतो. आपल्या जळगाव-धुळ्याकडे तर ही किंमत कधी कधी शेतातल्या पिकाएवढी मोठी असते. ते पुढे सांगतो.

आधी थोडं गणित, कारण आपण इंजिनिअर आहोत. कार्ड, मोरन आणि न्यूवेल या तिघांनी १९८० मध्ये कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल मांडलं. कोणतंही काम करायला सरावलेल्या माणसाला किती सेकंद लागतील याचा तो अंदाज आहे. साधारण टायपिंग येणाऱ्याला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद, माउसने नेम धरायला १.१ सेकंद, हात माउसवरून कीबोर्डवर न्यायला ०.४ सेकंद, आणि मनात ठरवायला १.३५ सेकंद. आता जन्मवर्ष टाइप करायचं धरा. हात नेणं, ठरवणं आणि चार कळा मिळून होतात २.८७ सेकंद. तेच ड्रॉपडाउनमधून करायचं तर नेम धरा, क्लिक करा, ठरवा, पुन्हा नेम धरा, पुन्हा क्लिक करा. चार सेकंद इथेच गेले, आणि यादी वरखाली सरकवणं यात अजून धरलेलंच नाही. शंभर वर्षांची यादी असेल तर ते सरकवणं हेच मुख्य काम होऊन बसतं. कॅलेंडरचं चित्र दिलं असेल आणि त्यात एकेक महिनाच मागे जाता येत असेल, तर वीस वर्षं मागे जायला २४० क्लिक! ब्रिटनच्या सरकारी वेबसाइटच्या डिझाइनवाल्यांनी म्हणूनच जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे टायपिंगचे चौकोन सुचवले आहेत. आपली जन्मतारीख माणसाला पाठ असते, ती यादीत शोधायला लावण्यात काय अर्थ?

आता थोडी घरची गोष्ट. चाळीसगावजवळच्या पाटण्याला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे, काळ साधारण इसवी सन १२०७. म्हणजे 'लीलावती' शिकवायची सोय आठशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात होती. त्या 'लीलावती'त सुरुवातीलाच दशमान स्थानांची नावं सांगितली आहेत. एकं, दहं, शतं ही पद्धत नेमकं काय करते? दहाच चिन्हांत कितीही मोठी संख्या बसवते. सहा आकडी नंबर असला तर सहा स्थानं आणि प्रत्येक स्थानाला दहा पर्याय, म्हणजे एकूण साठ पर्याय बघायचे. ओएमआर शीटवर सीट नंबरचे गोल काळे करताना आपण हेच करत होतो. एमएच-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर गेली, त्याआधीच्या बॅचना ते गोल चांगले आठवत असतील. त्या जागी कुणी दहा लाख गोलांची एक रांग छापली असती तर? हसू येतं ना? पण लांबलचक आकड्यांचा ड्रॉपडाउन म्हणजे तीच रांग. स्थानिक किमतीने जे सोपं केलं, ते आपण लूप फिरवून पुन्हा अवघड करतो.

'पण चुका?' असं कुणी विचारेल. हाच खरा मुद्दा आहे. ड्रॉपडाउनने चूक थांबत नाही, ती लपते. टाइप करताना कुणी २००४ ऐवजी २०००४ लिहिलं तर प्रोग्राम लगेच म्हणू शकतो, 'वर्ष चार आकडी हवं.' यादीत २००४ ऐवजी शेजारच्या २००३ वर क्लिक झालं तर प्रोग्रामला तो शंभर टक्के योग्य आकडाच दिसतो. बरेचदा तर यादी बंद करून पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवावं आणि निवडलेला आकडाच बदलून जावा असं होतं. फॉर्म भरणाऱ्याला पत्ता नसतो, भरून घेणाऱ्यालाही नसतो. टाइप करतानाही २००४ चं २००३ होऊ शकतं, हे मान्य. पण तिथे निदान माणूस स्वतःच्या हाताने लिहितो आणि लिहिताना बघतो.

म्हणून मी म्हणतो, आधी हा आकडा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. माझ्या मते आकड्यांच्या तीन जाती आहेत.

पहिली जात म्हणजे नाव असलेले आकडे. रोल नंबर, पीआरएन, पिन कोड, गाडी नंबर, गट नंबर. यांची बेरीज कोणी करत नाही. पिन कोडची सरासरी काढणारा माणूस मला अजून भेटायचा आहे! दुसरी जात मोजमापाचे आकडे: क्षेत्र, रक्कम, वजन, टक्के. यांना एकक असतं आणि दशांश चिन्हाची जागा चुकली की सगळं चुकतं. तिसरी जात अंदाजाचे आकडे: 'मेसचं जेवण दहापैकी किती?' इथे सात की साडेसात याने फरक पडत नाही, म्हणून सरकपट्टी चालते. पण ही सरकपट्टी उचलून कुणी रकमेला लावली की ५०० वर आणता आणता बोट ४९७ वर थांबतं. ज्याला नेमका आकडा हवा त्याला सरकपट्टी देऊ नये, एवढं पुरे.

पहिल्या जातीचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या गावाकडे आहे, सातबारा. होस्टेलमधल्या निम्म्या पोरांच्या घरी कापूस, केळी नाहीतर मका असणार, त्यामुळे गट नंबर काय ते सांगायला नको. जमिनींचं एकत्रीकरण १९४७ च्या कायद्याने झालं, आणि जिथे ते झालं तिथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. एका गावात ते शेकड्यांनी असतात, आणि वाटण्या होत गेल्या की १२५/१, १२५/२अ असे पोटहिस्से पडतात. आता हे सगळे एका यादीत टाकले तर काय होईल? पहिली अडचण म्हणजे तिरकी रेघ आणि अक्षर असल्यामुळे कॉम्प्युटर त्यांना अक्षरं समजून लावतो: १, १०, १००, १०१, आणि मग २. बांधावरचा माणूस २ नंबर कुठे शोधणार? महाभूलेखवर सातबारा पाहण्याची जी रीत वर्षानुवर्षे राहिली आहे ती या बाबतीत शहाणपणाची आहे. जिल्हा, तालुका, गाव यादीतून निवडा. मग गटाचा मूळ आकडा हाताने टाइप करा आणि शोधा म्हणा. त्या आकड्याचे जेवढे हिस्से असतील तेवढ्यांचीच छोटी यादी समोर येते, त्यातून आपला निवडा. आपल्या जळगाव जिल्ह्यात १५ तालुके, धुळ्यात ४. एवढी यादी डोळ्यांना झेपते. शेकडो गट झेपत नाहीत, तिथे टायपिंग. म्हणजे आधी लिहून चाळायचं, मग उरलेल्यातून निवडायचं. कुणी ठरवून केलं असो की गरजेपोटी, हे डिझाइन मला आवडतं. आपल्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

दुसऱ्या जातीचा आकडा मात्र धोक्याचा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं टिंबं देऊन लिहितात. १.०५.०० म्हणजे १ हेक्टर ५ आर. १०० आरचा एक हेक्टर. घरी बोलताना मात्र सगळे एकर-गुंठ्यात बोलतात, ४० गुंठ्यांचा एकर, आणि एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. आता फॉर्ममध्ये 'क्षेत्र (हेक्टर)' असा एकच चौकोन दिला आणि कुणी १ हेक्टर ५ आर म्हणून १.५ लिहिलं तर? कॉम्प्युटर ते १ हेक्टर ५० आर समजतो. फरक ४५ आर, म्हणजे एका एकराहून जास्त! उलट बाजूनेही तेच. कुणी ४० आर जमिनीसाठी हेक्टरच्या चौकोनात ४० लिहिलं तर तो एका क्षणात शंभर एकरांचा जमीनदार झाला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची पद्धत आली. रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा, पीक पाहणीतला क्षेत्राचा आकडा किती ठिकाणी लागतो. नुकसानभरपाईला लागतो, विम्याला लागतो, सरकारी खरेदीच्या नोंदणीला लागतो. वादळात बाग आडवी झाल्यावर कागदावरचं क्षेत्र आणि शेतातलं क्षेत्र जुळलं नाही तर तो माणूस कुणाकुणाचे उंबरे झिजवणार? कोणत्या ॲपमध्ये आज कसा चौकोन आहे हा इथे प्रश्न नाही, ॲप बदलत राहतात. प्रश्न असा की उद्या असा फॉर्म आपल्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे. त्याने काय करावं? हेक्टर आणि आर यांचे दोन वेगळे चौकोन द्यावेत, आरच्या चौकोनात ९९ च्या वर जाऊ देऊ नये, आणि खाली लगेच लिहून दाखवावं: '१ हेक्टर ५ आर, म्हणजे सुमारे २ एकर २४ गुंठे.' १ हेक्टर ५० आर झालं तर तिथेच '३ एकर २८ गुंठे' दिसेल आणि शेतकरी म्हणेल, 'भो, माझं एवढं नाही.' चूक पकडायला यापेक्षा हुशार प्रोग्राम लागत नाही. ज्याची जमीन आहे त्याला तिचा आकडा तोंडपाठ असतो, फक्त त्याच्या मापात दाखवायला हवा.

ही कल्पना काही नवी नाही. बँकेच्या चेकवर आकड्यात रक्कम लिहून पुन्हा 'अक्षरी रुपये' का लिहायला लावतात? आकडा एकदा चुकू शकतो, दोन वेगळ्या रूपांत सारखाच चुकणं कठीण. युपीआयने पैसे पाठवताना मोबाइल नंबर टाकला की समोरच्याचं नाव दिसतं, तेही हेच. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म आठवा. चॉइस कोडमधल्या संस्थेच्या क्रमांकात ५ म्हणजे नाशिक विभाग, ६ म्हणजे पुणे विभाग, हे आपल्याला नंतर कळलं. त्या वेळी आधार होता तो कोडशेजारी छापलेल्या कॉलेजच्या आणि ब्रँचच्या नावाचा. नुसते कोड असते तर निम्मे जण भलत्याच गावाला जाऊन पडले असते!

आता आपल्या भाषेची एक खासियत. सायबरवर किंवा सेतू केंद्रात फॉर्म भरणारा एक आणि नंबर सांगणारा दुसरा असतो. मराठीत संख्या वाचताना एकक आधी येतो. 'त्रेपन्न' म्हटलं की कानावर तीन आधी पडतो आणि पन्नास नंतर. ऐकणाऱ्याचा हात घाईत ३५ लिहून मोकळा! 'एकोणसत्तर' ऐकून ७९ लिहिणारे तर इंग्लिश मीडियमचे कितीतरी मित्र आपल्या विंगमध्येच सापडतील. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन दिलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला होता. कोण बरोबर हा वाद इथे नको. पण अडचण खरी आहे हे त्यातून दिसलं, आणि फॉर्म बनवणाऱ्याला ती माहीत पाहिजे. म्हणून मोठा नंबर चार-चारच्या गटात दाखवावा आणि शक्य असेल तिथे शेवटी तपासणीचा अंक ठेवावा. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक असाच आहे. व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची ही १९६९ ची रीत. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती हमखास पकडते. ५३ चं ३५ म्हणजे नेमकी तीच चूक. आपल्या टेक फेस्टच्या पावत्यांना असा एक अंक जोडायला किती ओळी कोड लागेल? वीस-पंचवीस. आणि काउंटरवरची किती भांडणं वाचतील!

अंकांच्या लिपीबद्दलही बोललं पाहिजे. आजोबा ५ असा लिहितात आणि कीबोर्ड मराठी असला की मोबाइलवरही तसाच उमटतो. पण बरेच फॉर्म म्हणतात, 'कृपया फक्त अंक टाका.' अहो, मग तो काय आहे? गंमत म्हणजे पायथनला देवनागरी १२ दिले तर ते सरळ संख्या म्हणून घेतं, जावास्क्रिप्ट मात्र 'ही संख्याच नाही' असं उत्तर देतं. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ ओळीने बसवलेले आहेत, त्यामुळे एका वजाबाकीत इंग्रजी अंक मिळतात. हे एका ओळीचं काम आहे. मराठी पोराने बनवलेल्या फॉर्मने मराठी अंक नाकारावेत, हे काही बरं दिसत नाही.

कोड लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. एचटीएमएलमध्ये 'नंबर' नावाचा इनपुट आहे म्हणून तो सगळीकडे लावू नका. तो मोजमापाच्या आकड्यांसाठी आहे. नावाच्या जातीचे नंबर त्यात टाकले तर सुरुवातीचं शून्य हरवू शकतं, मध्येच इंग्रजी 'ई' अक्षर चालून जातं, आणि काही ब्राउझरमध्ये माउसच्या चाकाने आकडा बदलतो. ब्रिटनच्या त्याच सरकारी टीमने २०२० मध्ये तो सोडून साधा मजकुराचा चौकोन घेतला आणि 'इनपुटमोड' न्यूमेरिक ठेवला. मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड येतो आणि बाकी भानगडी टळतात.

मग ड्रॉपडाउन फेकूनच द्यायचा का? तसं नाही. सेमिस्टर आठच असतात, जिल्हे ३६ आहेत, तिथे यादी छान. नेहमी लागणारे थोडे आकडे आणि क्वचित लागणारे पुष्कळ असा प्रकार असेल तर एटीएमकडे बघा. ५००, १०००, २००० अशी ठरलेल्या रकमांची बटणं समोर, आणि वेगळी रक्कम हवी तर टाइप करा. दोघांची सोय झाली. मेसच्या कूपनला हीच पद्धत हवी.

'डेटाबेसमध्ये कचरा जाईल' ही सर लोकांची शंका मात्र रास्त आहे. त्यावर उत्तर असं की तपासणी सर्व्हरवर करावीच लागते, ड्रॉपडाउन असला तरी. ब्राउझरमधली यादी बदलून भलताच आकडा पाठवणं सेकंड इयरच्या पोरालाही जमतं. तेव्हा सुरक्षिततेच्या नावाखाली लांबलचक याद्या नकोत.

शेवटी एक मागणी, विद्यार्थ्यांकडे आणि सर-मॅडमकडेही. फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या व्हायवात आपण डेटाबेस विचारतो, अल्गोरिदम विचारतो, यूएमएलच्या आकृत्या विचारतो. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा: 'तुझ्या फॉर्ममधला हा आकडा गावाकडच्या माणसाने भरून बघितला का?' आणि डेमोच्या दिवशी कॅम्पसमधल्या एखाद्या शिपाईकाकांना किंवा मेसच्या मावशींना बोलावून त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्या. ते जिथे अडतील तिथे मार्क कापा, त्यांचे नाही, फॉर्म बनवणाऱ्याचे. दोन वर्षांत आपल्या कॉलेजचे फॉर्म सुधारतील. मग पुढे हीच पोरं नाशिक-पुण्याला जाऊन सरकारचे नाहीतर बँकांचे फॉर्म लिहितील, तेव्हा रावेरच्या केळीवाल्याला आपले ५ आर ५० होताना बघावे लागणार नाहीत.